आधी घरच्या एका माणसाला सांगा
दादा, मोबाईलवरची पैशाची रमी सोडून 9 दिवस झाले पण घरी कुणालाच माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगायलो. मी परभणीकडचा, सोयाबीनचे पैसे आले की रात्रीतून मोबाईलवर जायचे, अन् गेलेले परत काढू म्हणून अजून टाकायचो, तिथंच सगळं बुडालं. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही, मोठ्या ताईला सांगितलं. ताई रडली, मग म्हणली एटीएम कार्ड माझ्याकडं दे अन् मोबाईलमधलं यूपीआय आत्ताच्या आत्ता काढ. तेवढ्यावर पहिला महिना निघाला बगा. उधारी किती ते कागदावर खरं लिहून दाखवा, अर्धी लपवली की तीच फेडायला परत खेळावं वाटतं. 2025 च्या कायद्यानं पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, पण ओढ कुठं बंद होते? जागतिक आरोग्य संघटना पण जुगाराच्या व्यसनाला आजारच म्हणते, लाज धरू नका. रात्री लई घालमेल झाली तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलतात. आज कुणाला सांगताय तेवढं कळवा, मी वाट बघायलो.