मदत हवी आहे: जुन्या रेसिंग बाइकचे फोटो पार्क केल्यासारखे का येतात?

मंडळी, कॅमेरावाल्यांना आणि मोटरसायकलवाल्यांना, दोघांनाही साद घालतोय.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम नॉटिंगहॅम. गेल्या शनिवार-रविवारी लिंकनशरमधल्या कॅडवेल पार्कला क्लासिक मोटरसायकल रेसिंग बघायला गेलो होतो. क्लासिक म्हणजे पुसूनपासून प्रदर्शनात मांडलेल्या गाड्या नव्हेत. मँक्स नॉर्टन, मॅचलेस जी५०, एजेएस ७आर, बीएसए गोल्डस्टार, शिवाय सत्तरच्या दशकातल्या यामाहा टीझेड. आणि लोक त्या अक्षरशः पिळून काढतात, चालवणाऱ्यांत नातवंडं असलेले आजोबाही. टीझेड ३५० म्हणजे आपल्या राजदूत ३५०च्या भाऊबंदातलीच, फक्त पाण्याने थंड होणारी. आमच्या गल्लीत एकाकडे राजदूत होती, तिच्या आवाजाला अख्खी गल्ली शिव्या घालायची. इथे पैसे देऊन तोच आवाज ऐकायला माणसं येतात!

आता अडचण. कॅमेरा निकॉन डी७५००, लेन्स ७०-३००. शटर १/१००० सेकंद, फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या गाडीचा सतत माग घेणारा. फोटो एकदम कडक. रायडरच्या चामडी सूटची शिवण दिसते, चाकाचा स्पोक नि स्पोक मोजून घ्यावा. आणि तिथेच घोडं पेंड खातं. रायडर टाकीवर हनुवटी टेकून झोपलाय, गाडी वळणात कलंडलीय, तरी फोटोत वाटतं की कुणीतरी दोरी बांधून तिला तिरकी उभी केलीय. बरं, शटर १/६० वर आणलं तर गाडी, झाडं, माणूस, सगळाच काला.

दुसरी अडचण 'माउंटन'ची. हा कॅडवेलचा प्रसिद्ध चढ, छोटा पण चांगलाच उभा. खालून येणारी गाडी आधी दिसतच नाही, मग एकदम माथ्यावर उगवते आणि पुढचं चाक वर येतं. हल्लीच्या सुपरबाइक तिथून चक्क हवेत जातात. जुन्या गाड्या जेमतेम वीतभर उचलतात, पण तेवढ्यासाठी लोक गवतावर खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. माझा कॅमेरा मात्र मागच्या झाडांच्या प्रेमात. गाडी आली हे त्याला कळेपर्यंत ती पुढे हॉल बेंड्स नावाच्या वळणांच्या झाडीत गडप.

तिसरं, नारंगी जाकीट घातलेले फोटोग्राफर कठड्याच्या पलीकडे उभे असतात. तसा पास हौशी माणसाला मिळतो का? की सगळा फरक त्या जागेचाच आहे?

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचा बेत आहे. नवी लेन्स घे असं कृपया सांगू नका, घरात आधीच विषय निघालाय.

खटारा_मेकॅनिक
लेन्सचा काही दोष नाही, हिशोब बघा. रेसिंग बाइकचं चाक टायरसकट एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जातं. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर, म्हणजे सेकंदात १४ फेरे. १/१००० सेकंदात चाक फिरतं फक्त पाच अंश. ३६ स्पोकांच्या चाकात दोन स्पोकांमधलं अंतर दहा अंश. म्हणजे स्पोक जेमतेम अर्धं घर सरकतो, मग तो मोजता येणारच! १/५०० ला पूर्ण एक घर सरकतो. १/१२५ ला चाळीस अंश, तिथे स्पोक विरघळून नुसती चकती दिसते. हेअरपिनला, म्हणजे यू आकाराच्या वळणाला, गाडी साठवर आली तर १/१२५ ला चोवीस अंशच मिळतात, म्हणून तिथे आणखी खाली यावं लागतं.
आधुनिक बाइकला जाड आऱ्यांची मॅग चाकं आणि वर सगळं फेअरिंगने, म्हणजे बाहेरच्या कवचाने, झाकलेलं. जुन्या गाडीचं इंजिन, साखळी, तारांची चाकं सगळं उघडं. त्यामुळे थांबलेपण या गाड्यांत जास्त डोळ्यांवर येतं.

सह्याद्री_ते_स्नोडन
वरचा हिशोब आवडला. माझ्याकडून हाताचं तंत्र: पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं.

एकदम १/६० वर उडी मारू नका. १/३२० ला सुरुवात करा, जमलं की १/२५०, मग १/१६०, १/१२५. प्रत्येक शर्यतीत एकच शटर ठेवा, दर फेरीला बदलत बसलात तर हाताला वेग कळत नाही. पाय गाडी जिथे टिपायची त्या दिशेला रोवायचे आणि कमरेतून उलटं वळून गाडीची वाट बघायची, म्हणजे शरीराचा पीळ सुटत असताना क्लिक होतं. क्लिक झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचा. बहुतेक फोटो इथेच मरतात, बोट दाबलं की हात थबकतो. नजर कायम हेल्मेटवर किंवा नंबराच्या पाटीवर. मागचं चाक पुसट आलं तरी चालतं, चेहरा पुसट आला की फोटो गेला.

जागाही महत्त्वाची. वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहिलं तर गाडी तुमच्याभोवती फिरते, अंतर फारसं बदलत नाही, म्हणून ती शेपटापर्यंत शार्प येते. बाहेरून काढलं तर गाडी तुमच्यासमोर कोन बदलते, मग पुढची पाटी शार्प आणि मागचं पुसलेलं. ते कॅमेऱ्याच्या नव्हे, भूमितीच्या माथी मारा.

आणखी एक फायदा कुणी बोलत नाही. १९५९ सालची नॉर्टन, आणि मागे पांढऱ्या व्हॅन, प्लॅस्टिकचे कचऱ्याचे डबे, ऊर्जापेयाची जाहिरात. १/८० ला हे सगळं धुऊन निघतं. जुन्या गाडीला जुना काळ परत मिळवून द्यायचा तो असा.

माउंटनला पॅनिंग विसरा. गाडी जवळपास तुमच्या अंगावर येते, तिथे १/८०० किंवा १/१००० च बरोबर. फोकस कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घ्या, माथ्यावर डांबराची जी कड दिसते तिच्यावर धरा आणि बटण सोडून द्या. एफ/८ ठेवा, म्हणजे लेन्सचं छिद्र जरा बारीक. मग कॅमेऱ्याला शोधाशोध करायला वावच उरत नाही.

टूस्ट्रोक_ताई
आणि माउंटनला कान वापरा. गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. सिंगल सिलिंडर नॉर्टनचा ठोका चढाच्या पायथ्याशी जड होतो, मग रायडर थ्रॉटल उघडतो. तो आवाज फुटला की लगेच बोट. डोळ्यांना गाडी दिसल्यावर दाबलंत तर मागच्या मडगार्डाचे फोटो येतील.
पाट्यांचे रंगही पाठ करा, कोणत्या शर्यतीत काय येणार ते कळतं. जुन्या पद्धतीत पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे ५०० सीसी, निळीवर पांढरे ३५०, हिरवीवर पांढरे २५०, काळीवर पांढरे १२५. हिरव्यागार झाडीसमोर पिवळी पाटी काय उठून दिसते म्हणून सांगू!

गप्प_वाचक
वाचनखूण साठवली. माझ्याकडे कॅमेरा नाही, बाइकही नाही.

खटारा_मेकॅनिक
पासचं राहिलं. तो साधारणपणे छापणाऱ्यांना मिळतो: मासिकाचं पत्र, विमा वगैरे लागतं. हौशी माणसाने त्याच्या मागे लागू नये. मार्शल (ट्रॅकवर सुरक्षा बघणारा) म्हणून स्वयंसेवक व्हायचं डोक्यात आलं तर तेही फोटोसाठी नको, ड्युटीवर हातात झेंडा असतो आणि माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो.
त्यापेक्षा पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या तयार करतात त्या आवारात जा. क्लबच्या शर्यतींना तिकीटवाल्याला तिथे सहसा मोकळेपणाने फिरता येतं. शर्यतीच्या अर्धा तास आधी गाड्या गरम करतात. जुन्या अमाल जीपी कार्ब्युरेटरला आयडलिंगची, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन मंद चालू ठेवायची, सोयच नसते, त्यामुळे माणूस सतत थ्रॉटल हलवत उभा असतो, हाताला उसंत नाही. तो हात टिपा. सुटू नयेत म्हणून बोल्टांना पीळ घालून बांधलेली बारीक तार टिपा. टाकीवर हनुवटीसाठी चिकटवलेली गादी टिपा, घामाने काळी पडलेली असते. इंजिनात घातलेल्या एरंडेल तेलाचा वास फोटोत येत नाही एवढंच दुःख. विचारून काढा, इंजिन चालू असताना प्रश्न विचारू नका, आणि फोटो नंतर ज्याचा त्याला पाठवा. पुढच्या वेळी तोच माणूस हाक मारून चहा देतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल घरासमोरच्या रस्त्यावर बसगाड्यांवर सराव केला. १/१२५ ला बसचा नंबर वाचता येतोय आणि मागचं दुकान पार वाहून गेलंय! क्लिकनंतर हात चालू ठेवणं हाच खरा फरक.
ताई, पाट्यांचं वाचून जुने फोटो पुन्हा उघडले. मी ज्याला नॉर्टन ५०० समजत होतो तिला निळी पाटी आहे. म्हणजे ती ३५०.
एक शंका. दुपारच्या उन्हात १/६० ठेवलं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/२२ पर्यंत जावं लागतंय. फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवरचा धुळीचा कण नि कण आकाशात दिसतो.

सह्याद्री_ते_स्नोडन
एनडी फिल्टर लावा, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच. तीन स्टॉपचा पुरे, एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. एफ/२२ चा एफ/८ होईल.

धागाकर्ता
लेन्स एएफ-पी ७०-३००, फुल फ्रेमवाली. फिल्टर किती मिलिमीटरचा घेऊ?

सह्याद्री_ते_स्नोडन
६७. घरात पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) पडलेला असेल तर आधी तो लावून बघा, दीड-दोन स्टॉप त्यातच निघतात. आणि लेन्सवरची व्हीआरची (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी) कळ स्पोर्टवर ठेवा.