मेटॅलिक सिल्व्हरचा टच-अप: कोड तोच, तरी रंग गडद का दिसतो?

सिल्व्हर_सेडान:
मागच्या दारावर बोटभर लांबीचा ओरखडा आहे. नख फिरवलं की अडकतं, एका टोकाला पत्रा उघडा पडलाय. बॉनेटवर खडी लागून टवके उडालेत. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कलर कोड मिळाला, त्याच कोडची ब्रशवाली बाटली घेतली. कागदावर लावून पाहिला तर गाडीपेक्षा गडद वाटतो. रंगच चुकीचा आलाय का? आणि पॉलिश पेपर कितीचा घ्यायचा?

रंगपेटी:
बाटली बहुधा बरोबर आहे, चाचणी चुकली आहे. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचा बारीक चुरा असतो. कारखान्यात रंग फवारतात तेव्हा हे कण आडवे बसतात आणि प्रकाश सरळ परत फेकतात. ब्रशने लावताना ते वेडेवाकडे उभे राहतात, म्हणून समोरून गडद दिसतं. शिवाय कण जड, तळाशी बसतात. आतली गोळी वाजायला लागल्यानंतरही दोन मिनिटं बाटली हलवत राहा. नाहीतर ब्रशवर नुसता वरचा पातळ भाग येतो.

चाचणी शोषून न घेणाऱ्या जाड कार्डावर करा. आधी राखाडी प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात, वर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर. क्लिअरशिवाय बेस रंग मॅट दिसतो, त्यामुळे त्याची गाडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. पूर्ण वाळल्यावर कार्ड दारालगत धरून दिवसाच्या उजेडात, पण सावलीत, समोरून आणि तिरकं असं दोन्हीकडून बघा. त्याआधी दाराचा तेवढा भाग धुऊन पॉलिश करून घ्या. उन्हाने मंदावलेल्या थराशी नवा रंग कधीच जुळणार नाही.

एवढं करूनही फरक राहिला, तर त्याच कोडच्या वेगळ्या छटा असतात का ते रंग मिसळून देणाऱ्याला विचारा. एकाच कोडच्या दोन-तीन छटा असणं नेहमीचं आहे.

पातळ_हात:
आता लावण्याचं. शाम्पूने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण किंवा सिलिकॉनचा अंश राहिला की रंग मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

पत्रा दिसतोय तिथे गंज असेल तर तो चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडा. ४०० ते ६०० नंबरचा पेपर पेन्सिलच्या मागच्या टोकाला चिकटवला की नेमका तेवढाच भाग घासला जातो. कडेचा सुटलेला रंगही काढून टाका, कारण गंज त्याच्याखाली पसरत जातो आणि काही महिन्यांनी टच-अप फुगून वर येतो. प्रायमर फक्त उघड्या पत्र्यावर. मूळ प्रायमर शाबूत असेल तिथे गरज नाही.

बाटलीचा ब्रश टवक्यांसाठी फार जाड असतो. टूथपिक किंवा शून्य नंबरचा ब्रश घ्या. थेंब मधोमध ठेवा, तो आपोआप कडेपर्यंत जातो. ओरखड्यात रेषेच्या बाहेर जाऊ नका. प्रत्येक हात वाळल्यावर खाली बसतो, म्हणून तीन-चार पातळ हात, मध्ये निदान अर्धा तास. एकाच जाड थेंबाने खड्डा भरला तर वरची साय वाळते, थिनर आत अडकतो आणि नंतर मध्येच खळगा पडतो. रंग पातळीच्या किंचित खाली थांबवा, उरलेली जागा क्लिअरची आहे.

कडक उन्हात किंवा पावसाळी दमट हवेत काम करू नका. ओलाव्याने क्लिअर पांढुरका पडतो.

सिल्व्हर_सेडान:
क्लिअर थोडा उंच राहिला तर लगेच घासून सपाट करू का?

पातळ_हात:
नको, किमान आठवडाभर थांबा. मऊ थर पेपरखाली उपटून येतो. नंतर २००० नंबरचा वॉटर पेपर छोट्या कडक गुटक्यावर गुंडाळा, साबणाचं पाणी लावा आणि फक्त उंचवट्यावर चालवा. मग ३००० नंबर, रबिंग कंपाउंड, शेवटी पॉलिश. कारखान्याचा क्लिअर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. पाणी दुधाळ आहे तोवर तुम्ही क्लिअरमध्ये आहात. त्यात गाडीचा रंग दिसला की हात थांबवा. दाराच्या दुमडीच्या धारेवर तर पेपर लावूच नका, तिथे थर सर्वांत पातळ असतो.

रंगपेटी:
एक भर. बोटभर ओरखड्यासाठी स्प्रे कॅनच्या मोहात पडू नका. फवारा हातभर पसरतो, मास्किंग टेपची कड कायमची दिसते, आणि सिल्व्हर नीट मिसळायचा तर क्लिअर अख्ख्या दारावर न्यावा लागतो. त्यातही हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. ब्रशचं काम जवळून दिसेल, दोन पावलांवरून नजरेत येणार नाही, आणि पत्रा झाकला जाईल. सिल्व्हरवर ब्रशने याहून जास्त होत नाही.