शब्दचर्चा: पोकेमॉनमधल्या ‘बेरी’ला मराठीत काय म्हणायचं?

भाचीसाठी पोकेमॉनच्या गोष्टी मराठीत लिहून काढतेय. त्या जगात रस्त्याच्या कडेला, जंगलात, जिथे तिथे फळं लागलेली असतात आणि पोकेमॉन ती खाऊन बरे होतात, गेममध्ये त्या सगळ्यांना सरसकट बेरी म्हणतात. बेरी तसंच ठेवलं तर भाचीला फक्त स्ट्रॉबेरी दिसते, आणि बोर म्हणावं तर ते भलतंच फळ. तसे बोर आणि बेरी हे मुळात एकच शब्द आहेत का? ऐकायला तर सारखे वाटतात. कोणी सुचवा ना चांगला शब्द.

—

ताई, बोर आणि बेरीचा काही संबंध नाही, बोर आलं संस्कृत बदरवरून आणि बेरी युरोपातल्या जर्मॅनिक भाषांमधून, आवाज जुळतो तो योगायोग. शास्त्रात बेरीला मराठी शब्द आहे, मृदुफळ, पण तो गोष्टीत अजिबात चालायचा नाही. शिवाय शास्त्राच्या हिशोबाने केळं, टोमॅटो, द्राक्ष, करवंद ही मृदुफळं आणि स्ट्रॉबेरी, रासबेरी नाहीत! बोर पण नाही, त्यात कडक आठळी असते म्हणून ते अश्मगर्भी फळ.

पण मला वाटतं खरी गडबड इंग्रजीत झालीये. मूळ जपानी गेममध्ये शब्द आहे किनोमी. कि म्हणजे झाड, नो म्हणजे चं, मि म्हणजे फळ. झाडाचं फळ, बस. त्यात रानात पडलेले अक्रोड, चेस्टनट, अगदी ओकची फळं पण येतात. इंग्रजी करताना त्याचं बेरी झालं आणि मग संत्रं, सफरचंद, पीच, आंबा, फणसासारखा काटेरी ड्युरियन सगळ्यांवर बेरीचा शिक्का बसला. चेस्टो बेरी बघा, झोपलेल्या पोकेमॉनला जागं करते ती, तिचं इंग्रजी नाव चेस्टनटवरून आलंय आणि चेस्टनटला कोणी बेरी म्हणेल का? किनोमी म्हटलं की काहीच खटकत नाही. म्हणून इंग्रजीवरून मराठी करूच नका, किनोमीवरून करा, आणि त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, रानमेवा. करवंदं, जांभळं, तोरणं, अळू, चारोळी, आवळे, चिंचा, सगळं बसतं त्यात, कोणी विचारत नाही आठळी आहे की बी.

—

रानमेवा छानच आहे पण दोन अडचणी. एक म्हणजे २००२च्या रूबी-सफायर ह्या पोकेमॉन गेमपासून खेळणारा स्वतः मऊ मातीत ही फळं पुरतो, पाणी घालतो, झाड वाढवतो, मग ते रानातलं कुठे राहिलं? दुसरं, रानमेवा हा समूहाला म्हणायचा शब्द आहे. पिकाचूने एक रानमेवा खाल्ला, असं कोण बोलतं?

—

पहिली अडचण मला अडचण वाटत नाही. आवळा, बोर, चिंच लोक परसात पण लावतात आणि तरी पाटीत आली की रानमेवाच असते. मेवा हा फारसी शब्द, तिकडे त्याचा अर्थ साधं फळ, आपण त्यात थोडी चैन आणली आणि सुकामेवा, रानमेवा असे दोन संसार थाटले. दुसरा मुद्दा मात्र एकदम बरोबर. ढीग असेल, झाडाखाली सडा असेल तिथे रानमेवा, आणि एकच फळ हातात असेल तर रानफळ. "वाटेत रानमेवा पिकला होता, पिकाचूने त्यातलं एक रानफळ उचललं", हे वाचायला कुठे अडतंय?

आणि आता चवीचं सांगतो, कारण मराठी इथे इंग्रजीपेक्षा भारी पडते आणि हे मला मनापासून आवडतं. ह्या फळांना पाच चवी आहेत, इंग्रजीत त्यातली एक ड्राय. मुलं विचारतात ड्राय म्हणजे सुकी चव का? जपानीत ती आहे शिबुई, म्हणजे आपली तुरट! कच्च्या काकीला, म्हणजे जपानी पर्सिमनला, टॅनिनमुळे जी चव असते, जीभ ओढल्यासारखी होते ना, ती. आणि गंमत अशी की काकी आणि आपली टेंभुर्णी, जिच्या पानांच्या विड्या वळतात ती, दोन्ही डायोस्पायरॉस ह्या एकाच प्रजातीतल्या. कच्चं टेंभरं चावून बघितलेल्या माणसाला शिबुई समजावून सांगायची गरज नाही. बाकी चार चवी तिखट, गोड, कडू, आंबट. म्हणजे आपल्या षड्रसांतला फक्त खारट वगळलाय. बहुतेक पोकेमॉनची स्वभावाप्रमाणे आवडती आणि नावडती चव असते, आंब्यावरून बेतलेली मागो गोड, पपईची इआपापा आंबट, पेरूची अगुआव कडू, आणि ही नावडत्या चवीची खायला घातली तर तब्येत सुधारते पण पोकेमॉन गोंधळून जातो. सहाही रस रोजच्या बोलण्यात असलेल्या भाषेत हे लिहायला किती सोपंय बघा.

—

मी नावांबद्दल लिहितो. इंग्रजीवाल्यांनी फळांची नावं मोडून नवी केलीत, लेमन उलटं करून नोमेल, ॲपल फिरवून लेप्पा, बनाना उलटून नानाब. जपानीत वेगळी युक्ती आहे, मोमो म्हणजे पीच त्याचं मोमोन, इचिगो म्हणजे स्ट्रॉबेरी त्याचं चीगो. मराठीत उलटापालट करून बघितली. फणसाचं सणफ मस्त, पेरूचं रूपे तर ऐटदार. पण केळं, जांभूळ ह्यांचं जमत नाही, मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही, उच्चारताना जीभ अडखळते. तिथे जपानी पद्धत घ्यावी, पुढचं कापायचं किंवा मागे काहीतरी जोडायचं. जांभूळचं भूळ, केळीचं केळोन.

—

भूळ घेतलं! विषावर उतारा असलेल्या फळाला ते देते. मूळ गेममध्ये तिथे पीच आहे, पेचा बेरी, पण भाचीने पीच कधी खाल्लेलं नाही आणि जांभळाने जीभ जांभळी होते हे तिला चांगलं माहितीये. समूहाला रानमेवा, एकाला रानफळ, ड्रायला तुरट, हे पक्कं. फक्त भाजल्यावर लावायची रॉस्ट बेरी राहिली, मुळात ती स्ट्रॉबेरीवरून आहे, तिच्या जागी करवंद चालेल का, की त्या चिकाने उलट हात चिकट होतात म्हणून दुसरं काही घेऊ?