आईचं न्यू जर्सीतलं घर आमच्या नावावर करावं का?

रश्मी_एडिसन: आई ८१ वर्षांची. बाबा गेल्यापासून एकटीच राहते. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता रिहॅबमध्ये आहे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, २० दिवस पूर्ण भरतं, पुढे १०० दिवसांपर्यंत रोजचा काही भाग आपल्याकडे, नंतर सगळं आपल्याच खिशातून. नर्सिंग होमने महिन्याचे चौदा हजार डॉलर सांगितलेत. तिची शिल्लक वर्षभरसुद्धा पुरणार नाही. मग मेडिकेड, म्हणजे पैसे नसलेल्यांसाठीची सरकारी मदत, आणि ती गेल्यावर सरकार घरातून तो खर्च वसूल करणार. हे घर बाबांनी १९८६ साली एक लाख वीस हजाराला घेतलं आणि दोन-दोन नोकऱ्या करून फेडलं. आताच आम्हा भावंडांच्या नावावर करावं असं मला वाटतं. दादा नको म्हणतो.

पार्सिपनीकर: दादाचं बरोबर आहे. मेडिकेड गरिबांसाठी आहे. सहा लाखांचं घर मुलांना देऊन आईला कागदोपत्री गरीब करायचं, हे पटत नाही. बाबांनी घर कमावलं ते तिच्या म्हातारपणासाठीच ना? विका आणि तिला चांगल्या ठिकाणी ठेवा.

सुहास_टी: वा, बोलणं सोपं आहे. चाळीस वर्षं कर भरलाय त्या माणसांनी. कायद्यानेच वाट ठेवली असेल तर ती वापरण्यात लाज कसली? मी अडीच वर्षं वडिलांकडे राहून त्यांचं सगळं केलं, रात्री तीन-तीनदा उठवून लघवीला नेलं. नर्सिंग होममध्ये जाण्याआधी दोन वर्षं त्याच घरात राहून सेवा केलेल्या मुलाला घर देता येतं, त्यापायी मेडिकेड अडत नाही. पण त्या सेवेमुळेच त्यांचं नर्सिंग होममध्ये जाणं लांबलं, हे डॉक्टरांच्या पत्राने दाखवावं लागतं.

मेधा_क: रश्मी, मी बरीच वर्षं अशा कुटुंबांचे अर्ज भरायला मदत करते. आता बक्षीसपत्र केलंस तर हाताने खड्डा खणशील. मेडिकेडच्या अर्जाआधीच्या ६० महिन्यांत दिलेली प्रत्येक भेट तपासली जाते. घराच्या किमतीला तिथल्या नर्सिंग होमच्या सरासरी खर्चाने भागतात आणि तितके महिने मेडिकेड मिळत नाही. तेवढे दिवस आईचं बिल कोण भरणार? शिवाय भेट म्हणून घेतलंत तर विक्रीच्या नफ्यावरच्या करासाठी आईची जुनीच किंमत धरतात: तिच्या हिश्शाची १९८६ ची, बाबांच्या हिश्शाची ते गेले त्या दिवसाची. वारशाने आलं तर आई गेली त्या दिवसाची. विकताना हा फरक फार मोठा पडतो.

आणि सुहासभाऊ, पार्सिपनीकरांवर रागावू नका. घर ट्रस्टच्या नावावर वगैरे करायचं तर ते माणूस धडधाकट असतानाच, पाच वर्षं आधी. आपल्याकडे आईबाबांसमोर हा विषय काढणं अपशकुनी वाटतं, म्हणून सगळ्यांना उशीर होतो. मला याचंच फार वाईट वाटतं.

रश्मी_एडिसन: ६० महिन्यांचं माहीतच नव्हतं. काल आईला भेटले तर ती म्हणाली, "माझ्या घराचं चाललंय ना? मला विचारा की." आणि मग खिडकीतल्या तुळशीला पाणी कोण घालतं ते विचारलं. मी गप्प बसले.

पार्सिपनीकर: तिलाच विचारा. माझं मत बदललं नाही, पण घर तिचं आहे.

रश्मी_एडिसन: शनिवारी दादा येतोय, एल्डर लॉच्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची अशी कामं बघणाऱ्या, वकिलाकडे जाऊ. आईला फोनवर घेणार आहे. काय काय न्यावं?

मेधा_क: पाच वर्षांची बँक स्टेटमेंट, घराचं डीड (मालकीचा कागद), बाबांचा मृत्यूचा दाखला. पॉवर ऑफ अटर्नी (मुखत्यारपत्र) नसेल तर ती आधी, आईला नीट सही करता येतेय तोवर.