ओल्या कचऱ्याची पिशवी आणि बी विंगची खुंटी

सोसायटीचा ग्रुप, रविवार, सकाळी ९:४०

देशपांडे, सेक्रेटरी (बी-२०१): नमस्कार. फोटो मोठा करून बघा. हे घमेलं आज आपल्या खताच्या पिटमधून निघालंय. खत नाही, पिशव्या. अशी दोन घमेली. मावशींनी गाठ मारलेली एकेक पिशवी हाताने फाडली, आतला शिळा भात आणि सालं वेगळी केली. एका पिशवीत काच होती, त्यांचं बोट कापलंय. पिट बंद पडला तर मिळकतकरातली सवलतही जाईल, हे वेगळंच.

पाटील (सी-१०१): मान्य. पण माझ्या पार्किंगमध्ये कालपासून उभी असलेली पांढरी गाडी कोणाची?

देशपांडे: पाटील साहेब, तो विषय नंतर.

पाटील: नेहमी नंतरच.

साने काका (ए-१०३): मुळात पिशव्या घरात येतातच कशा? राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, प्रत्यक्ष कारवाई २३ जूनपासून. पहिल्या वेळी ५ हजार दंड, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि तीन महिने कैद.

रोहन (ए-५०२): काका, हे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला सांगितलं तर तो ऐकून घेईल आणि कोथिंबीर वेगळ्या पिशवीत घालून देईल.

साने काका: देणारा देईल. घेणाऱ्याला कोणी जबरदस्ती केली आहे?

नेहा (सी-४०४): काका, खरं सांगू का? माझ्या गाडीत तीन कापडी पिशव्या पडून आहेत. विसरत नाही मी. तरी भाजीवाल्याकडून पिशवी घेते, कधीकधी मागूनसुद्धा. कारण रात्री डस्टबिनला काय लावू?

शिंदे काकू (बी-३०३): ही झाली खरी गोष्ट! इतकी वर्षं कापडी पिशव्या वाटतोय आपण. संक्रांतीला वाण म्हणून किती जणींना दिल्या मी. पण कचऱ्याच्या डब्याला पिशवी लागते म्हणून आपण बाजारातून आणतोच. आधी डबा सोडवा, पिशवी आपोआप सुटेल.

रोहन: मी तर बायो लिहिलेला काळा रोल आणतो. सेफ ना?

देशपांडे: त्याही निघाल्या. अक्षरं शाबूत होती, 'निसर्गाचा मित्र' वगैरे.

साने काका: नुसतं बायो लिहून चालत नाही. पिशवी कम्पोस्टेबल, म्हणजे खतात विरून जाणारी हवी, आयएस १७०८८ या मानकाची, आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. तशी खरी पिशवी असली तरी ती मोठ्या प्रकल्पाच्या उष्णतेत लवकर विरते. आपल्या खड्ड्यात एवढं तापमान कुठून आणणार?

नेहा: मग डबा उघडा ठेवायचा? पावसाळ्यात? दुसऱ्या दिवशी चिलटं आणि तिसऱ्या दिवशी अळ्या.

शिंदे काकू: अगं, वास कचऱ्याला नाही येत, पाण्याला येतो. गाठ मारलेल्या पिशवीत हवा जात नाही, सगळं सडतं, म्हणून तर सकाळी उघडल्यावर मळमळतं. मी सांगते काय करते. सिंकमध्ये जुनी जाळीची चाळण ठेवलीय. चहाचा चोथा, भाज्यांची देठं, सालं आधी त्यात. भांडी होईपर्यंत निथळतात. मग डब्यात. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी, आणि रोज वरून मूठभर सुका पाला. पाला आपल्याच बागेत मिळतो, माळी पोतं भरून ठेवतो. आमटी-रस्सा उरला तर गाळून घ्यायचा, पातळ कधी डब्यात टाकायचं नाही. सकाळी डबा पिटच्या बादलीत उपडा केला की कागदासकट सगळं सुटून पडतं, आणि डबा विसळायला तांब्याभर पाणी पुरतं. चार वर्षं एकही पिशवी लावलेली नाही. सूनबाई आधी नाक मुरडायची, आता माहेरी पण तसंच करते.

नेहा: काकू, आमच्याकडे पेपर येत नाही. मोबाईलवर वाचतो.

शिंदे काकू: माझे घेऊन जा. गठ्ठे पडलेत. रद्दीवाला भाव देत नाही हल्ली.

साने काका: माझेही न्या. पण शब्दकोडं सोडवून झालेलेच मिळतील.

रोहन: आणि चिकनची हाडं? (शाकाहारी मंडळींची क्षमा मागून)

शिंदे काकू: डब्यात घालून फ्रीजरला. सकाळी बाहेर.

जोशी आजी (ए-२०२): फ्रीजर मध्ये हाड ???

जोशी आजी: हे बोलून लिहिते आहे चूक असेल तर समजून घ्या. माझ्या गादीखाली शंभर एक पिशव्या आहेत. सगळ्या धुवून वाळवून घडी घातलेल्या. मुलगा म्हणतो फेकून दे. फेकवत नाहीत. काय करू

देशपांडे: आजी, फेकू नका. स्वच्छ आणि कोरडं प्लॅस्टिक असेल तर कचरावेचक ताई ते भंगारात विकू शकतात. खरकटं लागलं की त्याला कोणी हात लावत नाही. सुक्या कचऱ्यात वेगळी गठडी करून द्या.

जोशी आजी: अर्ध्या भाजीवाल्याला देते. तो नाहीतरी नवीन काढणारच

साने काका: हे मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

नेहा: डायपरचं काय? तो पिटमध्ये जाणार नाही ना?

देशपांडे: अजिबात नाही. डायपर आणि पॅड कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल पेनने ठिपका काढून वेगळे द्यायचे. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई ठिपका बघून ओळखतात, उघडून बघावं लागत नाही. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू दे. पिशवी विकली जाते, ते इवलंसं टोक मात्र गटारात जातं.

रोहन: ही मी आयुष्यभर कापत आलोय.

पाटील: काल कापडी पिशवी म्हणून मॉलने १५ रुपये घेतले. ती बरी ना?

शिंदे काकू: रंगीत, जरा खरबरीत, शिलाई नसलेली? ते कापड नाही हो. एक कोपरा काडीने पेटवून बघा. सुती कापडाची राख होते. हे वितळून काळा गोळा होतो.

पाटील (१५ मिनिटांनी): गोळा झाला. आणि ओट्यावर डाग पडला.

देशपांडे: ठरवू या का? येत्या एक तारखेपासून ओला कचरा पिशवीत घेतला जाणार नाही. मावशी डबा उपडा करून घेतील, पिशवी असेल तर परत देतील. हरकत असेल तर मीटिंगला या, इथे नको.

रोहन: बी विंगच्या जिन्याखाली एक खुंटी ठोकूया. ज्यांच्याकडे जास्त कापडी पिशव्या आहेत त्यांनी लावायच्या. बाजारात जाताना न्यायची, आल्यावर परत.

साने काका: परत येणार नाहीत. लिहून ठेवा.

एक तारखेनंतरचा शनिवार

देशपांडे: आठवडाभरात घमेल्यात फक्त चार पिशव्या. चारही सी विंगच्या. नावं घेत नाही.

नेहा: एक माझी होती. सासूबाई आल्यात, त्यांना माहीत नव्हतं.

मावशींचा निरोप (देशपांडेंमार्फत): डबे धुऊन द्या. आणि चहापत्ती भरपूर द्या, खत चांगलं होतंय.

साने काका: खुंटीचा हिशेब. लावलेल्या १८. आज सकाळी मोजल्या, ५.

रोहन: काका, तीन माझ्याकडे आहेत. उद्या लावतो.

जोशी आजी: निळी नऊवारीची पिशवी कोणी नेली असेल त्यांनी परत करा. त्यात माझा चष्मा आहे

पाटील: माझ्याकडे आहे आजी. संध्याकाळी आणून देतो. बाकी ती पांढरी गाडी अजून तिथेच आहे.