मदत हवी: पिकअप मागून खाली घेतल्यापासून तिरकी पळू राहिली, हौसिंग (मागच्या दोन चाकांमधलं ॲक्सलचं आडवं घर) सरळ कसं करायचं?

राम राम मंडळी. अंबडजवळचं गाव आमचं, रोज सकाळी दुधाच्या कॅनी घेऊन जालन्याला जातो. 40 लिटरची भरलेली कॅन वर चढवायची म्हणलं की वडील कंबर धरून बसायचे, ते बघवत नव्हतं म्हणून गाडी मागून खाली घेतली. पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) हौसिंगच्या खालून आहेत, ते तसेच ठेवले, पाटा आन हौसिंगच्या मधी 2 इंचाचे ब्लॉक बनवून टाकले, दोन्ही आवळून धरणारे यू बोल्ट नवीन लांब आणले. चढवायला खरंच सोपं झालं त्यामुळं परत वर करायची नाही.

पण आता सरळ रोडला स्टेअरिंग उजवीकडं धरावं लागतं. गोठ्यापुढच्या ओल्या कोब्यावरून गाडी सरळ काढली न ठसे बघितले तर उजवीकडं मागचं टायर पुढच्याच्या बाहेर उमटलेलं आन डावीकडं आत घुसलेलं. मग ओळंबा सोडून पाट्याच्या पुढच्या पिनपासून हौसिंगपर्यंत मोजलं, डावीकडं 612 मिमी, उजवीकडं 621. अलाइनमेंटवाल्यानं पुढचा टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन) फिरवून स्टेअरिंग मधी आणून दिलं, मागं अ‍ॅडजस्टच नसतं म्हणला. स्टेअरिंग सरळ झालं पण ठसे तसेच. वरून 50 च्या स्पीडपुढं शाफ्ट (गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंतचा फिरता दांडा) थरथरतो. काय करू सांगा, टायर नवीन आहेत वो.

उत्तर:
भाऊ, 9 मिमी कमी नाही. दोन पाट्यांत मीटरभर अंतर धरलं तर अर्धा डिग्री होतो, टायर खाणारच. पुढचा टो फिरवून हे जात नाही, हौसिंगच सरकवावं लागतं. आधी पुढच्या पिनपासून पाट्याच्या मधल्या सेंटर बोल्टपर्यंत मोजा. तिथंच फरक आला तर मेन पाटा नाहीतर पिनचा बुश बघा, सारखं आलं तर गडबड ब्लॉकमधी, बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात आन ब्लॉकची खुंटी हौसिंगच्या भोकात गच्च बसते का बघा. यू बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, शेवटचं आवळणं गाडी चाकावर उभी असताना, आन माल भरून फिरल्यावर परत एकदा. थरथर म्हणाल तर गिअरबॉक्सचं मागचं तोंड आन क्राउनचा फ्लँज (हौसिंगला शाफ्ट जोडतो ती चकती) मोबाइलच्या लेव्हलनं बघा, दोन्ही समांतर पाहिजेत, नसतील तर पाचरीसारखी पट्टी टाकतात. अजून एक, हौसिंगला वजनाप्रमाणं मागचा ब्रेक कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्वची दांडी असेल तर ती पण सेट करा, नाहीतर व्हॉल्वला गाडी भरलेलीच वाटते न रिकाम्या गाडीत मागचे ब्रेक लवकर जाम होतात, पावसात लई वाईट.

दादा लई उपकार झाले. सेंटर बोल्टपर्यंत दोन्हीकडं सारखं आलं म्हणून ब्लॉक काढले. भोक आन खुंटी एका रेषेतच नाहीत, दोन्ही ब्लॉकमधी प्रत्येकी साडेचार मिमीचा फरक, आन बसवताना एक सुलटा न एक उलटा बसवलेला, म्हणून डावीकडं हौसिंग पुढं आन उजवीकडं मागं. आता डावा फिरवून बसवला तर हौसिंग सरळ होईल पण अख्खं साडेचार मिमी मागं जाईल, शाफ्टच्या स्लिपला (लांबी कमीजास्त होणाऱ्या सरकत्या जोडाला) तेवढं चालतं का, का सरळ नवीन ब्लॉक बनवून घेऊ? गाडी ठोकळ्यावर उभी आहे, सकाळी दूध न्यायचंय.