खतातलं नत्र हवेत उडून जातं, ते कसं रोखावं? (सांवेर, इंदूर)

रामबागकर
नमस्कार मंडळी. राहणं इंदुरात, शेती सांवेरकडे. खरिपाला सोयाबीन, मग गहू आणि थोडा बटाटा. दर उन्हाळ्यात गोशाळेतून शेणखताच्या ट्रॉल्या आणतो आणि शेतात ढिगल्या घालून ठेवतो. पाऊस येईपर्यंत त्या उन्हातच पडून असतात. यंदा बटाट्यासाठी कोंबडी खत घ्यायचं मनात आहे. शेजारच्यांनी मागच्या वर्षी ते टाकलं तेव्हा बांधावर उभं राहिलं तरी डोळे चुरचुरत. ते म्हणतात, वास उग्र म्हणजे खत जोरदार. मला वाटतं, तो वास म्हणजे पैसे मोजून आणलेलं नत्रच उडून चाललंय. खरं काय? शिवाय घरच्या गोबर गॅसची स्लरीही आहे. नवं यंत्र न घेता काय करता येईल ते सांगा.

मातीवाले काका
रामबागकर, तुमची शंका रास्त आहे. डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया. मूत्रातल्या युरियाचं (कोंबडीच्या विष्ठेत यूरिक आम्लाचं) सूक्ष्मजीव अमोनियात रूपांतर करतात. ऊन, वारा आणि अल्कधर्मी पृष्ठभाग मिळाला की तो वायू होऊन निघून जातो. घाई सगळी सुरुवातीला असते. जेवढा अमोनिया उडायचा, त्यातला साधारण निम्मा, कधी त्याहून जास्त, पसरल्यापासून पहिल्या दिवसभरातच जातो. म्हणून आज पसरून परवा रोटाव्हेटर फिरवला तर मुख्य नुकसान होऊन गेलेलं असतं.

मात्र सगळी खतं एका मापाने मोजू नका. चांगलं कुजलेलं शेणखत साधारण ०.५ टक्के नत्राचं, म्हणजे टनाला ५ किलो. त्यातलं बहुतेक सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं, ते उडत नाही, हळूहळू पिकाला मिळतं. कोंबडी खतात ३ टक्क्यांच्या आसपास धरा, टनाला ३० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २१ किलोच्या आत नत्र असतं, त्यावरून हिशेब करा. कोंबडी खतातल्या नत्राचा मोठा भाग लवकर अमोनिया होणारा. तुमची काळजी इथे खर्च करा, जुन्या शेणखतावर नको.

देपालपूरची मीरा
दादा, आम्ही कोंबडी खत दुपारी पसरत नाही. ट्रॉली चारनंतर शेतात येते, पुढे माणसं पसरतात आणि मागोमाग ट्रॅक्टर फिरतो. सगळं शेत एकदम पसरून ठेवायचं नाही, जेवढं अंधार पडायच्या आत मातीआड होईल तेवढंच. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर तो दारात आल्याशिवाय ट्रॉली रिकामी करू देऊ नका. आणि बटाटा लावायच्या दोन-तीन आठवडे आधी हे उरका, ताजं खत बियाण्याला लागलं तर जाळतं.

पटत नसेल तर एक करून पाहा. पांढऱ्या कागदाला ओली हळद चोळा आणि त्याचे दोन तुकडे करा. एक बादलीच्या तळाला आतून चिकटवून ती बादली उघड्या खतावर पालथी घाला. दुसरी बादली तशीच, पण खत मातीत मिसळलेल्या जागी. थोड्या वेळाने उचला. उघड्या खतावरचा कागद तांबूस होतो. दुसरा पिवळा राहतो किंवा अगदी थोडा बदलतो. आमच्या सासऱ्यांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या कागदाने पटवलं.

रामबागकर
ताई, हे उद्याच करतो. काका, एक शंका: आपली काळी माती तर अमोनिया धरून ठेवते म्हणतात ना?

मातीवाले काका
धरते, पण खत तिच्यात मिसळलं तर. चिकणमातीच्या कणांना अमोनियम (ओलाव्यात अमोनियाचं होणारं रूप) चिकटतो, हे खरं. वर पडलेल्या खताला मात्र माती लागतच नाही. उलट माळव्याच्या काळ्या मातीचा सामू (pH) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, शिवाय तिच्यात चुनखडी. अशा पृष्ठभागावर अमोनिया जास्तच उडतो. म्हणून ताज्या खतात राख किंवा चुनाही मिसळू नका.

मे महिन्यात तुमची माती दगडासारखी होते, वखर चालत नाही, हे मला माहीत आहे. मग ट्रॉल्या मेमध्ये आणल्या तरी ढिगल्या घालू नका. एकच उंच ढीग करा, वरून माती आणि पाचटाने झाका. पहिल्या पावसाने वाफसा आला की पसरून लगेच कल्टिव्हेटर फिरवा. पाणी साचणाऱ्या खोलगट तुकड्यात हात आखडता घ्या. तिथे हवा न मिळाल्याने नत्र दुसऱ्या वाटेने जातं, थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन. उष्णता धरण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त जबर आहे.

टिळकनगर
काका बोलले त्यात एक भर. शेणखताचं खरं नुकसान शेतात पोचायच्या आधीच, गोठ्यात होतं. जनावराच्या नत्राचा साधारण निम्मा वाटा मूत्रात असतो, आणि आपण ते नालीत सोडतो. हे आपल्याच गावात शोधलं गेलंय. १९२४ साली इंदुरात सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी जी इंदूर कंपोस्ट पद्धत बसवली, तीत जनावरांखाली मातीचा थर असे. मूत्र तिच्यात जिरे, आणि मग ती माती काडीकचरा आणि शेणाबरोबर ढिगात जाई. आजचं कृषी महाविद्यालय त्याच आवारात आहे. आपल्या मुलांना शाळेत हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमची गोशाळा ऐकणार असेल तर गोठ्यात माती आणि भुसा टाकायला सांगा. दोन पैसे जास्त मागितले तरी द्या.

रामबागकर
गोशाळेच्या व्यवस्थापकांशी बोलतो. स्लरीचं राहिलं.

देपालपूरची मीरा
स्लरी शेणापेक्षा जपून वापरावी लागते. गॅस तयार होताना सेंद्रिय नत्राचा बराच भाग अमोनियम होतो आणि सामूही वाढतो. उन्हात शिंपडली तर उडालीच समजा. आम्ही ती संध्याकाळच्या पाण्याबरोबर पाटातून सोडतो. पातळ झालेली लवकर जमिनीत मुरते. पाटाचं पाणी नसेल तर सरी ओढून तिच्यात ओता आणि लगेच माती लोटा. परदेशात यासाठी जमिनीत सोडणारी यंत्रं आहेत, नेदरलँड्समध्ये तर १९९० च्या दशकापासून उघड्यावर फवारायला मनाई आहे.

मातीवाले काका
कुणी जिप्सम टाकायला सांगेल. शेणाच्या उघड्या ढिगात जिप्सम किंवा सुपर फॉस्फेट जरूर टाका, अमोनियाचं अमोनियम सल्फेट होऊन तो टिकतो. पण स्लरीच्या बंद कुंडीत जिप्सम अजिबात नको. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू होतो, ढवळताना माणूस जागीच कोसळू शकतो. हे घरातल्या गड्यामाणसांनाही सांगून ठेवा.